फुवाऱ्याला पाठ नसते

आप्पांनी मला पहिली हाक मारली ती भर कार्यक्रमात. मी माईकसमोर उभी होते, ‘व्यासपीठावर उपस्थित मान्यवर’ इथपर्यंत आले होते, आणि पाठीमागून पत्र्यावर दगड पडावा तसा आवाज आला, "ओ बाई, फिरा!"

मी फिरले नाही. आमच्या परभणीकडे भर सभेत बाईमाणसावर कुणी असं ओरडलं तर त्याची धडगत नसते. मी घसा खाकरला आणि पुन्हा ‘व्यासपीठावर’पासून सुरुवात केली. पुन्हा तोच आवाज. "ओ बाई, फिरा ना! आठे मानसं बठेल नहीत का?"

आमचे मुख्याध्यापक खालून पुढे सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, फिरून घ्या. इथे फिरावं लागतं." तेव्हा कुठे मी मागे वळून पाहिलं. समोर जेवढी माणसं बसली होती तेवढीच पाठीमागेही होती, मांडीवर शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन, आणि माझं तोंड एकदाचं दिसलं म्हणून ती सगळी खूश झाली होती. त्यांच्या मागे सिमेंटच्या बाकड्यावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मला वाटलं, गाणं ऐकायला येताना कानात कापूस घालून येणारा माणूस काही ठीक नसणार. तो अंदाज फारसा चुकीचा नव्हता.

मी लग्न होऊन सुरतेला आले होते. नवरा मिलमध्ये रंगाईच्या खात्यात, आणि मी भेस्तानच्या बाजूला एका मराठी शाळेत. शाळेतली बहुतेक मुलं खानदेशातली. त्यांचे आईबाप कापडाच्या लूम्सवर, नाही तर साड्यांना लेस लावायच्या कामात. मुलं घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती बोलायची आणि माझ्यासमोर गप्प बसायची. त्यांची तोंडं उघडली ती नाच-गाण्यामुळे, आणि नाच-गाणं करायला आमच्याकडे एकच जागा होती. शेजारच्या बागेतला फुवारा.

फुवारा म्हणजे कारंजं. पण या फुवाऱ्यातून कुणीही कधी पाण्याचा थेंब उडालेला पाहिला नाही. बागेच्या मधोमध कंबरेएवढा गोल चौथरा बांधला गेला, त्याच्या मध्यभागी लोखंडी नळ उभा राहिला, आणि तिथेच काम थांबलं. पाणी का आलं नाही याच्या आप्पांकडे निरनिराळ्या हकिगती होत्या. ऐकणारा कोण आहे ते पाहून ते त्यातली एक बाहेर काढत. सकाळी फिरायला येणाऱ्या गुजराती शेठ लोकांना ते सांगत की इंजिनियरची बदली झाली. गावाकडच्या माणसांना सांगत की कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न निघालं आणि सगळे पाईप लग्नाच्या मांडवाला गेले. मुलांना सांगत की नळात नाग राहतो आणि तो पाणी येऊ देत नाही. मी एकदा त्यांना तिन्ही हकिगती एकदम ऐकवल्या आणि विचारलं, "आप्पा, यातली खरी कोणती?" आप्पा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "बाई, पाणी उनं नही, हाई खरं शे."

पहिला कार्यक्रम कसा झाला याची गोष्ट मात्र त्यांनी कधी बदलली नाही. पावसाळ्याचे दिवस होते, बागेत चिखल होता आणि लूम्सना सुट्टी होती. आप्पांच्या लूमच्या खात्यात काम करणारा एक ओडिया माणूस, कोरडी जागा म्हणून, चौथऱ्यावर चढून बसला आणि गावाच्या आठवणीने गाऊ लागला. आधी चार माणसं थांबली, मग चाळीतली बायका-पोरं आली. चौथरा गोल, त्यामुळे माणसंही गोल बसली. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण गाणं कळत होतं. थोड्या वेळाने पाठीमागची माणसं कंटाळून उठायला लागली. आप्पा पाठीमागच्यांत होते. ते ओरडले, "अरे भाई, इधर भी फिर!" तो माणूस पुढचं कडवं या बाजूला तोंड करून गायला. उठलेली माणसं परत खाली बसली. आप्पांच्या मते फुवाऱ्याचं उद्घाटन झालं ते त्या क्षणी, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी तिथे फिती कापल्या ते उगीच कात्रीचा खर्च करून गेले.

तेव्हापासून तिथे फिरायची पद्धत पडली. माईक मधल्या नळाला बांधायचा, कलाकाराने फाटकाकडे तोंड करून सुरुवात करायची, आणि आप्पांचा "फिरा!" आला की पाव वळसा घ्यायचा. गाणं असेल तर कडव्याला, भाषण असेल तर आप्पांना वाटेल तेव्हा. बाहेरगावची मंडळी पहिल्यांदा बुजत. मग इतकी रमत की दुसऱ्या ठिकाणी गेल्यावरही गाता गाता वळत आणि तिथल्या भिंतीकडे पाहत राहत. नंदुरबारकडून एकदा एक लोकनाट्य आलं होतं. त्यांच्या राजाला सिंहासन होतं, आणि राजा उठला तर नाटकाला अर्थ उरत नाही. आप्पांनी भाजीवाल्याची हातगाडी मागवली, सिंहासन तिच्यावर चढवलं, आणि प्रधानजी दरबार भरवता भरवता राजाला ढकलत राहिले. लोक ते नाटक विसरले, पण हातगाडीवरचा राजा अजून विसरले नाहीत.

आप्पा आयुष्यभर लूम्सवर होते. लूम्सच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. एका माणसाकडे बरीच मशीनं असतात आणि त्याला त्यांच्याभोवती सारखं फिरावं लागतं. ज्या लूमकडे पाठ केली त्याचाच तार तुटतो, असं ते सांगत. त्या खडखडाटात त्यांचा आवाज मोठा झाला तो निवृत्तीनंतरही लहान झाला नाही. कानातला कापूसही तसाच राहिला. "आप्पा, आता कापूस कशाला?" असं विचारलं की म्हणत, "कापूस काढं ते तुमना माईक माले फार वरडस." माणसाला चार बाजू असतात, ताक्याला दोनच, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. कापडाचा ताका उलगडताना एक खरी बाजू आणि एक उलटी बाजू असते, पण माणसं बसलेली असताना उलटी बाजू कोणती, असं ते भांडायच्या सुरात विचारत.

सकाळी बागेत हास्यक्लब भरायचा. दहा-पंधरा काका फुवाऱ्यावर उभे राहून हात वर करून हसायचे. आप्पांनी त्यांनाही सोडलं नाही. "हसी ऱ्हायनात ते बठ्ठीकडे हसा," म्हणून त्यांनी त्या काकांना पाव-पाव वळशाने हसायला लावलं. एकदा हिंदी बोलणारे एक मोठे पाहुणे लिहून आणलेलं भाषण वाचत होते. पहिल्या "फिरा!"ला ते दचकले, दुसऱ्याला रागावले, तिसऱ्याला त्यांचे कागद वाऱ्याने उडाले. मग त्यांनी कागदांचा नाद सोडला आणि गावाकडच्या शाळेतल्या गोष्टी सांगत बसले. शेवटी तर स्वतःच आप्पांकडे पाहून विचारायला लागले, "अब किधर?" माझ्या निवेदनापेक्षा त्या माणसाचं बोलणं चांगलं झालं, हे मला त्या दिवशी अजिबात आवडलं नव्हतं.

एकट्या गरब्यापुढे आप्पांचं काही चालत नसे. गरबा मुळातच गोल, त्याला फिरा म्हणून कोण सांगणार? म्हणून नवरात्रात सगळी सुरत उड्या मारत असताना आप्पा तेवढे नऊ दिवस थोडे उदास असत.

आता एक गोष्ट सगळ्या बागेला माहीत होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. चार बाजूंपैकी तिसरी बाजू, म्हणजे फाटकाच्या बरोबर समोरची, तिथे कार्यक्रम जरा जास्त रेंगाळायचा. आप्पांचं बाकडं त्याच बाजूला होतं. बाकड्याच्या मागे मेंदीचं कुंपण, कुंपणापलीकडे अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडे बैठ्या घरांची ओळ. त्यातल्या एका घराच्या गॅलरीत, वेताच्या खुर्चीत, जिजी बसलेल्या असत. जिजी म्हणजे आप्पांच्या घरातून.

पूर्वी दोघं मिळून फुवाऱ्यावर यायची. मग जिजींना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आप्पांनी चाकांची खुर्ची आणायचं ठरवलं तर जिजींनी ठाम नकार दिला. "लोके नाच दखतीन का माले दखतीन?" एवढंच म्हणाल्या, आणि जिजी एकदा म्हणाल्या की तो विषय संपायचा. म्हणून आप्पांनी गॅलरीत वेताची खुर्ची टाकली. कार्यक्रम असला की ते जिजींची वेणी घालत, चांगलं पातळ नेसवत, त्यांना उचलून खुर्चीत बसवत. मग स्वतः कठड्याला धरून उभे राहून एकदा बागेकडे नजर टाकत, चौथरा दिसतोय याची खात्री करून घेत, आणि लांब ढांगा टाकत बागेत येऊन बाकड्यावर चढत. चढल्या चढल्या पहिली आरोळी गल्लीच्या पलीकडे जाई, "दिसस का व?" जिजी उजवा हात वर करत. हात वर झाला की कार्यक्रम सुरू. वाट पाहणारे मंत्री असले तरी हात वर झाल्याशिवाय आप्पा मान हलवत नसत.

आणि त्या मेंदीवर त्यांचा काय जीव होता! माळी फिरकला नाही तर आप्पा स्वतः डब्याने पाणी घालत. कुणाची बकरी शिरली तर बकरीच्या मालकाचा उद्धार करत. कुणी हातावर काढायला पानं तोडली तर, "जिजीनी बाजूनी मेंदी शे ती, हात लावू नका," म्हणत. मेंदी हिरवीगार राहिली, दाट झाली, चांगली छातीच्या वर गेली. बागेत बाकी सगळं सुकायचं, पण ते कुंपण नाही.

मग बाग नवी करायचं निघालं. नगरसेवक आमच्याच भागातले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट चांगलंच होतं. ते म्हणाले, फुवाऱ्याचं आता खरं स्टेज करू. वर शेड, मागे पक्की भिंत, भिंतीवर मोर रंगवू, भिंतीच्या आड कपडे बदलायला खोली. आणि मधला तो नळ कापून टाकू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. मुलींचे कपडे बदलायला दरवेळी चार ओढण्या धरून उभं राहायचा मला कंटाळा आला होता.

टाळ्या थांबल्यावर मी पाहिलं, आप्पा बाकड्यावरून खाली उतरले होते. भिंत तिसऱ्या बाजूला येणार होती. बाकड्याच्या पुढे. जिजींच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "बाई, चला. तुमले माईकनी सवय शे, तुम्ही बोला." आम्ही नगरसेवकांकडे गेलो, आणि अर्थातच मला एक अक्षर बोलू न देता आप्पाच बोलत सुटले. ओडिया गाणारा, पावसाळा, चिखल, हातगाडीवरचा राजा, सगळं झालं. नगरसेवकांनी चहा मागवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काका, बधा स्टेजनी पाछळ दीवाल होय ज ने."

"होय. पण हा स्टेज नथी, फुवारा छे," आप्पा म्हणाले. "फुवाऱ्याला पाठ नसते."

नगरसेवक हसले, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जोईशुं. बघू म्हणजे काय, ते सुरतेत नवीन आलेल्या माणसालाही कळतं.

जिजींचं नावही आप्पांनी घेतलं नव्हतं. मला राहवलं नाही. परत येताना मी विचारलं, "आप्पा, जिजींचं का नाही सांगितलं? त्यांनी लगेच ऐकलं असतं." आप्पा चालता चालता थांबले. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा माणूस, त्या वेळी मला कान पुढे करावा लागला. "तिन्हं नाव कचेरीमा कसाले काढू? ती काय तक्रार शे?"

मला त्या माणसाचा फार राग आला आणि फार मायाही आली. घरी येऊन मी नवऱ्याला विनाकारण बोलले.

पुढचे काही दिवस आप्पा नुसते उपाय शोधत होते. शेजाऱ्यांच्या गच्चीवर खुर्ची न्यायची म्हणाले, तर जिजी म्हणाल्या, "मी काय कपडा शे का, गच्चीवर वाळत घालाले?" भिंतीत खिडकी ठेवा म्हणून गवंड्याच्या मागे लागले, तर गवंडी म्हणाला, मोराच्या पोटात खिडकी कशी ठेवू? आप्पांचा आवाज उतरला. सकाळी हास्यक्लबचे काका एकाच दिशेने हसत होते आणि त्यांना कुणी टोकत नव्हतं.

कामाच्या मुहूर्ताला मोठा कार्यक्रम ठरला. नवं स्टेज कसं दिसेल ते लोकांना कळावं म्हणून भिंतीच्या जागी बांबू रोवून भलं मोठं फ्लेक्स ताणलं होतं. त्यावर मोर, आणि मोराच्या आजूबाजूला हात जोडलेले नेते. माझ्या शाळेतल्या मुलींचा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यावरचा नाच होता. मुलींना मी बजावून ठेवलं होतं, आज फिरायचं नाही, आज फक्त समोर. मुलींनी माना हलवल्या. या वयातल्या मुली मान हलवतात त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो, हे मला तोपर्यंत कळायला हवं होतं.

गंमत अशी की माणसं नेहमीसारखी चारी बाजूंना येऊन बसली. तिसऱ्या बाजूची माणसंही, फ्लेक्सच्या पाठीकडे तोंड करून, शेंगदाणे सोलत. त्यांच्यामागे बाकड्यावर आप्पा उभे होते. सवयीने चढले होते. पण त्यांनी ‘दिसस का’ म्हणून विचारलं नाही, आणि हातही वर केला नाही.

गाणं सुरू झालं. मुली छान नाचल्या. पहिलं कडवं संपलं आणि मुली थांबल्या.

कॅसेट चालूच होती. पुढचं कडवं सुरू झालं, ढोलकी वाजत राहिली, आणि माझ्या मुली एक पाय पुढे, एक हात कमरेवर अशा उभ्याच्या उभ्या. मी खालून दात-ओठ खाऊन हातवारे केले. पुढची मुलगी, जरा धीट होती, तिथूनच मला मोठ्याने म्हणाली, "बाई, आप्पानी फिरा म्हटलंच नाही!"

मग तिसऱ्या बाजूने, फ्लेक्सच्या मागून, एका बाईचा आवाज आला, "आप्पा, बोला ना हो!" फाटकाकडून कुणी ओरडलं, "काका, बोलो ने!" आप्पांनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली. तेव्हा सगळी बाग आपणहून ओरडली, "फिराऽऽ!"

मुली फिरल्या. पाव वळसा, नाच. पुन्हा सगळ्या बागेचा "फिरा!" दुसऱ्या आरोळीला त्या अगदी शिस्तीत फ्लेक्सकडे वळल्या आणि छापलेल्या नेत्यांच्या नाकासमोर, वीतभर अंतरावरून, हसऱ्या चेहऱ्याने नाचू लागल्या. एकीने तर ओंजळीतली फुलं, गाण्यात होतं म्हणून, मोराच्या डोळ्यात उधळली. समोरचे लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि मागच्या लोकांना काही दिसत नव्हतं म्हणून ते नुसतेच ओरडत होते, काय झालं, काय झालं.

नगरसेवक सोफ्यावर बसले होते. पहिल्यांदा ते गंभीर राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले. ते उठले, चौथऱ्यावर चढले आणि बांबूपाशी उभ्या असलेल्या मंडपवाल्याला म्हणाले, "छोड दे, भाई." फ्लेक्स सळसळत खाली आलं. पलीकडे शेंगदाणेवाली माणसं होती, बाकड्यावर आप्पा होते, आणि मेंदीच्या पलीकडच्या गॅलरीतून एक उजवा हात वर झालेला होता. आप्पांनी विचारलं नव्हतं, तरी झालेला होता. बाकड्यावरचे आप्पा तिकडे वळून पाहत राहिले आणि मग त्यांचा जुना आवाज परत आला. माझ्या मुलींनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून केलं.

नगरसेवकांनी भाषण केलं ते चारी बाजूंना फिरून. लहानपणी मी इथेच माकड झालो होतो आणि काकांनी मलाही फिरवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. शेड झाली, चार खांबांवर, भिंतीशिवाय. नळ आहे तिथेच राहिला. कपडे बदलायची खोली फाटकाशेजारी झाली, म्हणजे माझ्याही ओढण्या सुटल्या.

आता आम्ही सुरतेतच पर्वत पाटियाजवळ राहायला गेलो आहोत. आप्पा आणि जिजी लेकीकडे बारडोलीला असतात. जावई साखर कारखान्यात आहे, आणि आप्पा तिथल्या लोकांना कसं उभं करतात-फिरवतात याच्या बातम्या अधूनमधून येतात. फुवाऱ्यावर आता सगळी बागच "फिरा" म्हणते. तिथली हल्लीची पोरं अहिराणी विसरली, मराठीही अर्धीमुर्धी बोलतात, पण कडवं संपलं की आपोआप वळतात.

एक सांगायचं राहिलं. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

शेडचं काम पुरं झाल्यावर पहिल्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. ऊन होतं, म्हणून मी पाणी मागायला जिजींकडे गेले. त्यांची पाठ दुखत होती, म्हणून त्या आत खाटेवर टेकून बसल्या होत्या. गॅलरीतली वेताची खुर्ची रिकामी होती. एरवी त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे, आप्पा तर नाहीच. पण जिजी म्हणाल्या, "बठा ना बाई, तठे वारा लागस." मी बसले, पाणी प्यायले आणि समोर पाहिलं.

समोर मेंदी होती. हिरवीगार, दाट, आप्पांनी डब्याने पाणी घालून वाढवलेली. बसल्यावर ती नजरेच्या वर जात होती. पलीकडून माझ्याच मुलींचं गाणं स्पष्ट ऐकू येत होतं, पण चौथरा नाही, मुली नाहीत, काही नाही. नव्या शेडचा पत्रा तेवढा वर दिसत होता. आणि मेंदीच्या अगदी लगत, बाकड्यावर चढलेले आप्पा, कमरेपासून वर, टोपीसकट, हात उंचावलेले.

मी मान वळवली. "जिजी, इथून तर काहीच दिसत नाही!"

"पहिले दिसे," जिजी म्हणाल्या. "मंग मेंदी वाढनी."

"अहो, मग इतकी वर्षं तुम्ही हात वर करता, दिसतंय म्हणून सांगता, ते काय बघून?"

"दिसस ना," त्या म्हणाल्या. "तुमना आप्पा दिसतस ना."

मी म्हटलं, "आप्पांना सांगायचं तरी. एका दिवसात छाटली असती त्यांनी."

"सांगं ते छाटतीन," जिजी म्हणाल्या. चांगल्या हाताने त्यांनी पदर सारखा केला. "मंग बाकडावर कसाले चढतीन?"

पलीकडे कडवं संपलं. मेंदीच्या वर आप्पांची टोपी आमच्याकडे वळली. "दिसस का व?"

जिजी खाटेवर होत्या, त्यांचा हात तिथून दिसला नसता. म्हणून मीच खुर्चीतून उजवा हात वर केला.